अभ्यासिकेतले बारा नोड : साताऱ्यातल्या प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

अण्णांनी आज होकार दिला एकदाचा, आमच्या कॉलेजच्या प्रकल्पासाठी त्यांच्याकडं नोड बसवायला (सेन्सर, चिप आणि रेडिओ असलेला छोटा डबा म्हणजे एक नोड). राजवाड्याच्या मागं त्यांची अभ्यासिका आहे, पुढचा भाग जुना वाडा, काळ्या दगडाच्या दोन-दोन फूट जाड भिंती, आणि मागं नंतर बांधलेली तीन मजली आरसीसी इमारत. सकाळी सहा ते रात्री अकरा पोरंपोरी बसलेली असतात, कोण राज्यसेवा करतंय, कोण तलाठी, कोण पोलीस भरती. अण्णांचं दुखणं सरळ आहे, लाईट बिल वाढत चाललंय, रिकाम्या हॉलमधे पंखे फिरत राहतात, गच्चीवरची टाकी भरून पाणी जिन्यानं खाली येतं तरी मोटर चालूच. मुलींच्या हॉलमधल्या मावशी मात्र वेगळंच म्हणाल्या, "दुपारी चारनंतर निम्म्या पोरी डोकं धरून बसत्यात, चहा घेतला तरी उठत न्हाईत." हे मी वहीत वेगळं लिहून ठेवलंय, मला ते बिलापेक्षा महत्त्वाचं वाटतंय.

अण्णांच्या अटी तीन. वाड्याची भिंत फोडायची नाही, वायरी लोंबकळत्या दिसायच्या नाहीत, आणि दर महिन्याला सेल बदलायला शिडी लावायला लागता कामा नये. म्हणजे वायरलेस, दोन पेन्सिल सेलवर, आणि निदान वर्षभर चाललं पाहिजे. कॉलेजच्या मॅडमनी विषय लगेच मान्य केला.

९ जानेवारी

प्रकल्पातल्या पार्टनरचं म्हणणं होतं की ईएसपी३२ ही वाय-फायची चिपच वापरू, स्वस्त आहे, कोड तयार मिळतो, वाय-फाय तर अभ्यासिकेत आहेच. पण वाय-फाय चालू असताना तो शंभर मिलीअँपच्या आसपास खातो, झोपवून ठेवला तरी दर वेळी उठून राउटरशी जोडून घेण्यात सेकंद जातात, आणि एका नोडनं दुसऱ्याचं पॅकेट, म्हणजे रेडिओवरनं पाठवलेला निरोप, पुढं द्यायचं म्हणलं की झोप विसरा. शेवटी आयईईई ८०२.१५.४ या कमी विजेवरच्या मानकाचा रेडिओ घ्यायचा ठरलं, सीसी२६५० ही चिप, त्यावर कॉन्टिकी-एनजी ही छोट्या नोडसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम.

संध्याकाळी बसून हिशोब केला आणि त्या हिशोबानं माझं डोकंच फिरलं म्हणजे चांगल्या अर्थानं. सगळ्यात मोठी फ्रेम, म्हणजे एका वेळी जाणारं पॅकेट, १२७ बाइटची, सेकंदाला २५० किलोबिटनं ती जायला सव्वाचार मिलीसेकंद लागतात. दर पाच मिनिटाला एक म्हणजे दिवसाला २८८ पॅकेट, सगळी मिळून सव्वा सेकंद. पाठवताना चिप ६.१ मिलीअँप घेते, म्हणजे दिवसभर पाठवण्याचा खर्च ०.००२ मिलीअँप-अवर. काहीच नाही. आता ऐकण्याचं बघा, ऐकताना ५.९ मिलीअँप, आणि कोण कधी बोलेल माहीत नाही म्हणून रेडिओ चोवीस तास उघडा ठेवला तर दिवसाला १४१ मिलीअँप-अवर, २५०० चे सेल साडेसतरा दिवसात खलास. आम्ही सगळे आत्तापर्यंत "कमी वेळा पाठवूया, सेल वाचेल" असं म्हणत होतो. सेल खातंय ते कान उघडे ठेवणं.

म्हणून टीएससीएच, टाइम-स्लॉटेड चॅनेल हॉपिंग, म्हणजे वेळेचे स्लॉट आणि चॅनेलवरच्या उड्या. २०१२ च्या ८०२.१५.४ई सुधारणेत आलेली पद्धत, सगळ्या नोडची घड्याळं जुळवलेली, दहा मिलीसेकंदाचे स्लॉट, कुणी कुठल्या स्लॉटमधे बोलायचं आणि कुणी ऐकायचं ते ठरलेलं, बाकी वेळ झोप. आपल्या स्लॉटमधे फक्त २.२ मिलीसेकंद कान उघडायचा, कुणी बोललं नाही तर परत झोपायचं. स्लॉट वाटायला कॉन्टिकीतली ऑर्केस्ट्रा ही सोय वापरतोय, आमच्या सेटिंगमधे रेडिओ साधारण दोन टक्के वेळ चालू राहतो, म्हणजे १२१ मायक्रोअँप, कागदावर.

१७ जानेवारी

मल्टीमीटरच्या मायक्रोअँप रेंजवर मोजायला गेलो तर नोड सारखा रिसेट व्हायचा, कारण त्या रेंजला मीटरच्या आतला रेझिस्टर मोठा असतो आणि रेडिओ चालू झाला की त्याच्यावरच व्होल्टेज पडतं. मग कॉलेजच्या लॅबमधे १० ओहमचा रेझिस्टर लावून ऑसिलोस्कोपवर बघितलं. सेन्सर, प्रोसेसर सगळं धरून सरासरी १६५ मायक्रोअँप. दिवसाला चार मिलीअँप-अवर. सेलमधलं २००० जरी वापरात आलं तरी पाचशे दिवस. वर्षाची अट बसते.

आज बाराही नोड बसवले. नऊ सेलवर, आणि तीन हॉलमधले कार्बन डायऑक्साइडचे तीन थेट लाईटवर, कारण तो सेन्सर दोन सेकंदाला एक माप घेत एकटाच १९ मिलीअँप खातो, सेलवर सहा दिवससुद्धा निघायचा नाही. ते तिघं लाईटवर आहेतच तर बाकीच्यांची पॅकेट पुढं द्यायचं कामही त्यांच्याकडंच दिलंय. गेटवे, म्हणजे सगळ्यांची मापं गोळा करणारा, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, वाड्यातल्या अण्णांच्या खोलीत. मावशींनी संक्रांतीचे राहिलेले तिळाचे लाडू दिले सगळ्यांना.

२१ जानेवारी

दगडाची भिंत. पेपर वाचायच्या खोलीतला चार नंबरचा नोड गेटवेपासून सरळ रेषेत सात मीटरवर आहे पण मधे ती दोन फुटी भिंत, आणि शंभरातली ५४ पॅकेटच पोचतात. पार्टनर म्हणाला चार वेळा प्रयत्न करतोय ना तो, जातंय की शेवटी. हिशोब केला, चारही प्रयत्न हुकायची शक्यता साडेचार टक्के, म्हणजे दिवसाला २८८ मधली तेरा पॅकेट गायब, आणि जी पोचतात त्यांच्यासाठीही जवळजवळ दुप्पट वेळा बोलायला लागतंय. आधी वाटलं रेडिओची पॉवर वाढवू, ० वरून ५ डीबीएमवर (रेडिओच्या ताकदीचं माप) नेलं, करंट ९.१ मिलीअँपवर गेला आणि पॅकेट ५४ ची ६१ झाली. फायदा नाहीच म्हणायचा.

मग ज्युनिअरनं सुचवलं की भिंतीतनं कशाला, दारातनं जाऊ दे. वाड्याचं दार लाकडी आहे, दिवसभर उघडंच असतं. नोड चौकटीच्या वर, एका हाताच्या अंतरानं सरकवला, पॉवर परत ० वर आणली. ९३. नुसतं जागा बदलून. आता चारही प्रयत्न हुकायची शक्यता लाखात दोन-तीन. हे मी ठळक अक्षरात लिहून ठेवतोय, कारण पुस्तकात सगळं अल्गोरिदमचं असतं आणि चौकटीचं कुठं नसतं.

२८ जानेवारी

वाईट झालं आज. वरच्या मुलींच्या हॉलमधे रात्री सव्वानऊला एकच मुलगी बसलेली, बाकीच्या जेवायला गेलेल्या, आणि आमच्या सिस्टीमनं हॉल रिकामा समजून लाईट-पंखे बंद केले. तिला काय झालं कळेना, जिन्यातही अंधार, घाबरून खाली आली. मावशींनी मला फोन करून सुनावलं आणि त्यांचं बरोबरच होतं.

कारण समजलं. पीआयआर सेन्सर माणूस बघत नाही, उष्णतेची हालचाल बघतो. ऑफिसात माणसं उठबस करतात तिथं तो चालतो, पण परीक्षेचा अभ्यास करणारं माणूस वीस-वीस मिनिटं मान खाली घालून बसतं, पान उलटण्यापलीकडं हालचाल नाही. आमची सेटिंग पाच मिनिटांची होती. उद्या जाऊन त्या मुलीची माफी मागणार आहे.

बदल केला : पीआयआर गप्प झाला तरी लगेच बंद नाही, कार्बन डायऑक्साइड खाली उतरत चाललाय का ते बघायचं. बरीच माणसं आत असतील तर आकडा टिकून राहतो किंवा चढतो, हॉल खरंच रिकामा असेल तर हळूहळू उतरतो, पण गर्दी उठून एखादंच माणूस उरलं तरी तो उतरू शकतो, म्हणून नुसत्या आकड्यावर भरवसा नाही. दोन्ही जुळलं आणि पंचवीस मिनिटं गेली तरच बंद. आणि जिन्यातला लाईट या सगळ्यातनं काढून टाकला, तो कधीच आपोआप बंद होणार नाही.

३ फेब्रुवारी

शनिवारपासून मागच्या इमारतीतले तीन नोड अधूनमधून तुटत होते. आम्ही १५, २०, २५ आणि २६ या चार चॅनेलवर उड्या मारतोय, कारण वाय-फाय १, ६ आणि ११ वर असलं की त्यांच्या फटीत हे चार बसतात. पण फोनवर ॲप लावून बघितलं तर शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकांचा नवीन राउटर ३ नंबरच्या चॅनेलवर, म्हणजे २४२२ मेगाहर्ट्झ, आणि आमचा १५ नंबर २४२५ वर. बरोबर डोक्यावरच बसलाय. काकांना चहा पिता पिता समजावून सांगितलं, त्यांनी लगेच पासवर्ड दिला, राउटर १ वर टाकला, त्यांचंही नेट सुधारलं कारण ३ वर असताना ते १ आणि ६ वाल्या दोघांशीही भांडत होते.

एक मात्र लक्षात आलं, या सगळ्या गोंधळात पॅकेट फार हरवली नव्हती. एका चॅनेलवर हुकलं की पुढचा प्रयत्न दुसऱ्या चॅनेलवर होतो, चारातला एक खराब असून भागलं. एकाच चॅनेलवर असतो तर चारही प्रयत्न त्याच भिंतीवर आपटले असते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दहा ते दोन लाईट नव्हती. मी तिकडं नव्हतो, संध्याकाळी गेलो तर सगळं परत चालू, आलेखात फक्त चार तासांची फट. सोडून देणार होतो, पण ज्युनिअरनं नोडच्या आत नोंदलेला रेडिओचा वेळ काढून दाखवला आणि मी खुर्चीतच बसलो. त्या चार तासात सेलवरच्या नऊही नोडचा रेडिओ जवळजवळ शंभर टक्के वेळ चालू होता.

झालं असं की लाईट गेली, गेटवे बंद, पॅकेट पुढं देणारे तिघंही बंद. घड्याळ जुळवायला कुणी उरलं नाही. नेटवर्क हरवलेल्या नोडला कुठल्या क्षणी, कुठल्या चॅनेलवर बीकन (नेटवर्क चालू असल्याची हाक) येईल हे माहीत नसतं, म्हणून तो कान सताड उघडे ठेवून वाट बघत बसतो. ५.९ गुणिले ४, साडेतेवीस मिलीअँप-अवर. रोजचा खर्च चार. म्हणजे चार तासांच्या लाईट जाण्यात प्रत्येक नोडचं सहा दिवसांचं आयुष्य गेलं. महिन्यात असे चार गुरुवार आले तर पाचशे दिवसांचा हिशोब गेला अर्ध्यावर.

महिनाभर आम्ही सेल वाचवायचं एका फाइलमधे लिहित होतो आणि पॅकेट पोचायचं दुसऱ्या फाइलमधे, मॅडमचा रिपोर्टचा साचाच तसा आहे, दोन प्रकरणं. आज त्या दोन फायली मी एकत्र केल्या. नेटवर्क तुटतं तेव्हाच सेल मरतो, हे एकच प्रकरण आहे.

२० फेब्रुवारी

दोन कामं केली. वायरमन मामांनी इन्व्हर्टरची एक लाईन गेटवेला आणि त्या तीन नोडना काढून दिली. सगळं मिळून पाच-सात वॅट, ट्यूबलाईटपेक्षा कमी, अण्णांनी हरकत घेतली नाही. आणि फर्मवेअरमधे, म्हणजे नोडच्या आतल्या प्रोग्रॅममधे, नेटवर्क हरवल्यावरचं वागणं बदललं, दहा सेकंद ऐकायचं, काही नाही सापडलं तर दोन मिनिटं झोपायचं, मग चार, मग आठ, कमाल सोळा. सोळावर पोचला की शोधण्याचा खर्च ६१ मायक्रोअँप. तोवर घेतलेली मापं फ्लॅश मेमरीमधे साठवायची आणि जोडला गेला की क्रमांकासकट पाठवायची. आज मुद्दाम गेटवेचा प्लग तीन तास काढून ठेवला. परत लावल्यावर शेवटचा नोड एकोणीस मिनिटांनी आला, पण एकही माप गेलं नाही.

एकोणीस मिनिटं अण्णांना जास्त वाटली. मला चालतात. आगीच्या अलार्मचं काम असतं तर नसती चालली, आणि ते काम आम्ही या नेटवर्कवर घेणार नाही हे मी अण्णांना लेखी दिलंय.

४ मार्च

मावशींची डोकेदुखी. एसी हॉल, साठ सीट भरलेल्या, खिडक्या बंद, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी २३४० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे इतके भाग. बाहेर गच्चीवर ४३० दाखवतोय. माक्स फॉन पेटेनकोफर या जर्मन शास्त्रज्ञानं १८५८ साली सांगून ठेवलंय की खोलीतली हवा १००० च्या खाली असावी, म्हणजे कोळशाच्या शेगड्यांच्या काळातला माणूस आपल्याला सांगतोय आणि आपण काचा लावून बसलोय.

अण्णांना आकडा दाखवला, त्यांना काही वाटलं नाही. मग दोन खिडक्या उघडून वीस मिनिटं त्यांना तिथंच बसवलं, आकडा त्यांच्या डोळ्यासमोर ९०० वर आला आणि मागच्या रांगेतली दोन पोरं आपसूक सरळ होऊन बसली. तेव्हा म्हणाले, "लाव बाबा तो पंखा."

एक्झॉस्ट फॅन १००० ला चालू, ८०० ला बंद. सारखा चालू ठेवला तर गार हवा बाहेर आणि उन्हाळ्याची गरम हवा आत, एसीवर लोड. एसी त्यांनी २० वर ठेवलेला. २०२० च्या १ जानेवारीपासून नवीन एसी २४ वरच चालू होतो असा नियम आहे आणि ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, हे सांगून २५ वर आणला, छताचे पंखे हळू चालू ठेवले. कुणी तक्रार केली नाही.

२ एप्रिल

पाडव्याच्या सुट्टीत थोडा अजून सेल वाचवायचा म्हणून एक बदल केला. नोड घड्याळ जुळवण्यासाठी दर १२ सेकंदाला वरच्या नोडशी, म्हणजे त्यांची पॅकेट पुढं देणाऱ्याशी, बोलतात, ते २० सेकंद केलं. रोज सकाळी बघतोय, सगळे बाराही हजर.

११ एप्रिल

टाकीवरचा अकरा नंबर दुपारी बाराच्या आसपास गायब होतो, चारनंतर परत येतो. रोज. गेले सहा दिवस. वाय-फाय बघितलं, सेल बघितले, अँटेना बदलली, शेवटी नोडच बदलला तरी तेच. मोटर दोनदा आपोआप बंद झाली नाही आणि पाणी परत जिन्यात. अण्णा काही बोलले नाहीत पण स्वतः फडकं घेऊन जिना पुसत होते, ते बघवत नव्हतं.

१४ एप्रिल

सापडलं! आज दुपारी एक वाजता स्वतः गच्चीवर बसलो. अजिंक्यताऱ्याकडनं वारासुद्धा येत नव्हता. काळा डबा, सिमेंटच्या टाकीवर, थेट ऊन, आत ५७ अंश.

घड्याळाचा ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल २५ अंशाला नीट चालतो आणि त्यापासून लांब गेलं की मंद पडतो, फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात, ०.०३४ गुणिले. ३२ अंशाचा फरक, वर्ग १०२४, म्हणजे ३५ पीपीएम मंद, दहा लाख सेकंदात ३५ सेकंद. आणि सावलीत मोजलं तेव्हा या नोडचं घड्याळ वरच्या नोडपेक्षा आधीच २८ नं मंद होतं. एकूण ६३. वीस सेकंदात १.२६ मिलीसेकंद मागं. आणि कान उघडा असतो २.२ मिलीसेकंद, म्हणजे अलीकडं-पलीकडं १.१ ची मुभा. तो बोलायचा तेव्हा ऐकणारा झोपलेला असायचा! १२ सेकंदाला हाच फरक पाऊण मिलीसेकंद होता, म्हणून मार्चमधे काही कळलं नाही, आणि सकाळी डबा गार असतो म्हणून सकाळच्या तपासणीत तो नेहमी हजर. बदललेला नोडही त्याच उन्हात बसला की तसाच वागायचा, ते आता जुळतंय.

कालावधी परत १२ केला. घड्याळाचा वेग शिकून स्वतःला दुरुस्त करणारी सोय आम्ही गुंतागुंत नको म्हणून बंद ठेवली होती ती चालू केली. डबा पांढरा रंगवला आणि टाकीच्या उत्तर बाजूला, सावलीत लावला. २० वरून १२ वर आल्यानं किती जास्त खर्च झाला म्हणाल तर स्कोपवर नीट दिसतसुद्धा नाही. तेवढ्यासाठी इतके दिवस नोड गायब होत राहिला आणि दोनदा जिन्यात पाणी वाहिलं.

२६ एप्रिल

अकरा नंबर बारा दिवस सलग. आत कमाल तापमान ४१. मॅडमना रिपोर्टचा कच्चा मसुदा दिला, दोन प्रकरणांचं एक केलेलं बघून त्यांनी आधी विचारलं का, मग गुरुवारचा आलेख बघितला आणि तसंच ठेवा म्हणाल्या.

४ मे

बारापैकी बारा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पाठवलेल्या मापांतली हजारातली ९९८ पोचली. सेलवरच्या नोडचं व्होल्टेज २.८८ ते २.९३. चिप १.८ पर्यंत चालते.

मुलींच्या हॉलच्या दारावर मावशींच्या सांगण्यावरून छोटा डिस्प्ले लावलाय, नुसता कार्बन डायऑक्साइडचा आकडा. अंधारात सापडलेली ती मुलगी आज डिस्प्लेवर ११०० बघून स्वतः उठली, खिडकी उघडली आणि परत जाऊन बसली.

आता पावसाची तयारी. अमेरिकेत मेन राज्यातल्या ग्रेट डक आयलंडवर २००२ साली पक्ष्यांच्या बिळांमधे असेच नोड ठेवले होते, त्या प्रयोगाचं वाचताना कळलं की सेन्सरवर पाणी गेलं की नुसता सेन्सर बिघडत नाही, अख्खा नोड जातो. आणि साताऱ्याचा पाऊस आडवा येतो. गच्चीवरच्या डब्याला रबरी गॅस्केट आणि वायरीला खालून तोंड, म्हणजे पाणी वायरीवरनं आत उतरायचं नाही. वाड्याच्या चौकटीवरच्या चार नंबरचं काय करायचं ते ठरत नाहीये, पावसात ते दार अण्णा बंद ठेवतात आणि लाकूड भिजून फुगतं. दार बंद करून, चौकटीवर ओलं गोणपाट टाकून शंभर पॅकेट मोजायची, मृग लागायच्या आत.